फरशी फोडण्याआधी वासाचा माग काढा

प्रश्न : आमचं लोकमान्यनगरात स्वतःचं घर आहे. गेल्या वर्षी मुलासाठी वरचा मजला चढवला. तेव्हापासून खालच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो, सकाळच्या गडबडीत तर फारच. वरच्या कमोडचा फ्लश ओढला की आमच्या नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. ॲसिड टाकून पाहिलं, फिनाईल रोजच टाकते. एक मिस्त्री म्हणतो, सगळी फरशी उखडून नवी लाइन टाका. दुसरा म्हणतो, बाहेरची ड्रेनेज लाइन तुंबलीय. पाहुण्यांचं बाथरूम फारसं वापरात नाही, तरी तिथंही अधूनमधून वास येतो. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, फरशीला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही तो गुडगुड आवाज लिहिलात ते फार बरं केलंत. अर्धा शोध तिथंच लागतो.

नहाणीच्या जाळीखाली, कमोडच्या पोटात आणि बेसिनखाली ट्रॅप असतो, म्हणजे पाणी अडून राहील असा वाकवलेला भाग. त्यात साधारण 50 मिलीमीटर उंचीचं पाणी कायम उभं राहायला हवं. गटाराची हवा आणि तुमचं बाथरूम यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा आहे. 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं या वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं, आणि आजही सगळं त्याच पाण्यावर चालतं. वास आला की माझा पहिला प्रश्न असतो : कुठल्या ट्रॅपमधलं पाणी गेलं, आणि का गेलं? फिनाईल किती टाकलं याला त्यापुढे अर्थ नाही.

आता एक करा. नहाणीची जाळी काढा, ट्रॅप पाण्यानं भरा आणि आत बॅटरीचा उजेड टाका. मुलाला वरून फ्लश ओढायला सांगा आणि त्या पाण्यावरची नजर हलवू नका. पाणी एकदम खाली ओढलं गेलं, तर वरून कोसळणाऱ्या पाण्याला मागून हवा मिळत नाही आणि ते ती तुमच्या नहाणीतून खेचतंय. उलट बुडबुडे वर आले, तर हवा खालून रेटली जातेय. वरच्या मजल्याचा उभा पाइप जिथं जमिनीशी वळतो, त्याच्या अगदी जवळ खालच्या बाथरूमची लाइन जोडली की असं होतं. खालच्या मजल्याची लाइन स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावी, ती याचसाठी. त्यासाठीही खोदकाम बहुतेक बाहेरच्या बाजूला होतं, बाथरूमची फरशी शाबूत राहते.

तुमच्या पत्रावरून मला पहिली शक्यता जास्त वाटते. मजला चढवताना जुना व्हेंट पाइप, म्हणजे लाइनला वरून हवा देणारा पाइप, जुन्या गच्चीच्या उंचीवरच राहून जातो, किंवा स्लॅब टाकताना त्याचं तोंड बुजतं. गवंड्याला तो बिनकामाचा पाइप वाटतो, कारण त्यातून पाणी वाहताना कधी कुणाला दिसत नाही. नव्या गच्चीवर जाऊन बघा. व्हेंट तिथपर्यंत आलाय का? तोंड उघडं आहे का, की कबुतरांनी काड्या भरून ठेवल्यात? तो गच्चीच्या वर, खिडक्यांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब निघायला हवा, वर जाळीची टोपी हवी. हे काम एका दिवसाचं आहे आणि फरशी उखडण्याच्या खर्चाशी त्याची तुलनाच नाही.

बाहेरच्या लाइनचा संशय तर लगेच फिटेल. अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडा, आतून एक बादली पाणी सोडा. पाणी न थांबता वाहून गेलं तर तुंबलेलं काही नाही.

पाहुण्यांच्या बाथरूमचं दुखणं मात्र वेगळं. तिथं पाणी नुसतं सुकतं. आपल्याकडचा एप्रिल-मे, कोरडी हवा, त्यात एक्झॉस्ट फॅन चालू राहिला तर ट्रॅप आणखी लवकर कोरडा पडतो आणि पंखा तिथूनच गटाराची हवा ओढून घरात आणतो. आठवड्याला तांब्याभर पाणी नहाणीत आणि बेसिनमध्ये ओता, कमोड एकदा फ्लश करा. गावाला जाणार असाल तर नहाणीत पाण्यावर दोन-तीन चमचे गोडं तेल सोडा, पाणी उडत नाही.

एवढं करूनही वास राहिला, तर पेपरमिंटची जुनी परीक्षा करा. मला ती आजही कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची वाटते. पेपरमिंटचं तेल सियागंजात पंसारी मालाच्या दुकानांत विचारा. घरातले सगळे ट्रॅप भरून, दारं-खिडक्या लावून घ्या. एकानं गच्चीवरून व्हेंटमध्ये थोडं तेल आणि मागोमाग बादलीभर गरम पाणी ओतावं, उकळतं नको, आणि तोंडावर ओलं फडकं दाबावं. ज्यानं तेल ओतलं त्यानं मुळीच खाली यायचं नाही, नाहीतर त्याच्या हातांचाच वास घरभर होतो. खाली दुसऱ्यानं प्रत्येक सांध्याशी नाक नेऊन हुंगावं. शक्यतो बाहेरचं माणूस घ्या, घरच्यांची नाकं सरावलेली असतात. रामबागेतल्या एका जुन्या घरात अशीच परीक्षा केली, तेव्हा पेपरमिंट दरवळलं ते बाथरूमच्या कपाटातून. मागे कधीतरी बेसिन काढलेलं, त्याचा पाइप भिंतीत तसाच उघडा आणि पुढे कपाट ठोकलेलं. एका झाकणावर काम भागलं. कमोडच्या बुडाशी वास आला, तर कमोड बसल्यावर हलतो का तेही पाहा. हलत असेल तर खालचा सांधा गेलेला आहे.

आणि ताई, ॲसिड आजपासून बंद करा. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ज्यांच्याकडे अजून सेप्टिक टँक आहे त्यांनीही ऐका : वास बघायला कुणालाही आत उतरवू नका, पैसे घेऊन तयार असला तरी नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि माणसाला धोका कळतच नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. गाडी बोलवा, उपसा बाहेरूनच होतो.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनपाशी वास येतो. नहाणीत पाणी दिसतं, मग ट्रॅप कोरडा कसा?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : जाळीखालची वाटी जागेवर आहे का बघा. बऱ्याच नहाणी ट्रॅपमध्ये पाणी वाटीमुळेच अडतं. मशिनचा फेस लवकर निघत नाही म्हणून ती काढून ठेवतात, मग तळाशी पाणी दिसलं तरी हवेला वाट मोकळीच राहते. वाटी असेल, तर मशिनचा पाइप थेट तिच्या खाली खुपसलेला नाही ना, ते पाहा. तो वाटीच्या वर सुटायला हवा, आणि जाळीत पाइपाभोवती उरलेली फट रबरी कॉलरनं बंद करून घ्या. कॉलर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पाइपाचा तुकडा मापाला बरोबर न्या.