'वर्ल्ड सिरीज'मधले गळालेले पद

एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉलवरचा मजकूर मराठीत आणताना त्यांना 1884 सालच्या एका लढतीचा उल्लेख सापडला. अमेरिकेतल्या दोन बेसबॉल लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीला आज 'वर्ल्ड सिरीज' म्हणतात, पण तिथे चक्क 'वर्ल्ड्स सिरीज' छापले आहे. ही मुद्रणातली चूक समजायची का? मराठीत 'जागतिक मालिका' लिहावे की 'विश्वमालिका'? आणि न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राने ही लढत पुरस्कृत केली म्हणून हे नाव पडले असे सांगतात, त्यात तथ्य किती?

वर्तमानपत्राची गोष्ट आधी बाजूला करू. 'वर्ल्ड' नावाचे दैनिक न्यूयॉर्कमध्ये होते, 1883पासून ते जोसेफ पुलित्झर यांच्या मालकीचे होते, आणि खप भरपूर होता. एवढे खरे असल्यामुळेच पुढची गोष्ट लोकांना पटते. पण या लढतींना त्या पत्राचा आश्रय नव्हता. नावाचा उगम 1880च्या दशकातल्या बेसबॉलच्या बातम्यांमधल्या एका साध्या शब्दप्रयोगात आहे, आणि तो उलगडायला शाळेतले आपले समासाचे व्याकरण पुरते.

'बालमित्र' हा शब्द घ्या. त्याचा विग्रह 'बाल असा मित्र' होत नाही, 'बालपणापासूनचा मित्र' असा होतो. 'साखरभात' म्हणजे साखर घालून केलेला भात. मधले पद बोलताना गळून जाते, अर्थात मात्र ते जागेवर असते. याला आपण मध्यमपदलोपी समास म्हणतो. 'वर्ल्ड्स सिरीज'चे नेमके हेच झाले आहे. मूळ शब्द तीन: वर्ल्ड्स, चॅम्पियनशिप, सिरीज. जगाच्या जेतेपदासाठीची मालिका. मधली 'चॅम्पियनशिप' गळाली आणि 'वर्ल्ड्स सिरीज' उरले. त्यातला अपॉस्ट्रॉफी एस म्हणजे आपला षष्ठीचा 'चा-ची-चे'. 'राजाचा वाडा' वापरून वापरून 'राजवाडा' होतो, तसा पुढे तोही झिजला आणि 'वर्ल्ड सिरीज' झाले. तेव्हा तुमच्या मजकुरातली ती अक्षरे चूक नाहीत. शब्द अर्ध्या वाटेवर असतानाचे ते रूप आहे आणि 1884च्या संदर्भात ते शोभणारेच आहे.

आता हे 'जग' आले कुठून? 1876 साली नॅशनल लीग ही बेसबॉल संघांची संघटना स्थापन झाली. 1882 साली तिच्यासमोर अमेरिकन असोसिएशन उभी राहिली: 25 सेंटचे तिकीट, मैदानात बिअर, रविवारीही सामने. दोन संघटना, म्हणजे दरवर्षी दोन विजेते. मग त्यांतला थोर कोण, हा प्रश्न आलाच. 1884मध्ये असोसिएशनचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स होता. त्याचे व्यवस्थापक जिम म्युट्री यांनी लीगच्या विजेत्या प्रॉव्हिडन्स ग्रेजला आव्हान दिले. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर 23, 24 आणि 25 ऑक्टोबर असे सलग तीन दिवस तीन सामने झाले. ते तिन्ही प्रॉव्हिडन्सने जिंकले, आणि तिन्हींत पिचर (चेंडू फेकणारा) एकच, चार्ल्स रॅडबोर्न. ज्या माणसाने त्या हंगामात संघाचा बहुतेक भार आपल्या एका खांद्यावर वाहिला होता, त्यानेच शेवटचे तीन दिवसही काढले. मला या साऱ्या इतिहासात हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो.

शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की लढत जाहीर झाली ती अमेरिकेच्या जेतेपदासाठी. विजयानंतर मात्र काही वर्तमानपत्रांनी प्रॉव्हिडन्सला जगाचे विजेते म्हटले, आणि ते चिकटले. व्यावसायिक खेळाडूंतले उत्तमातले उत्तम याच दोन संघटनांत आहेत, मग अमेरिकेचा विजेता तोच जगाचा विजेता, असा त्यामागचा हिशेब. बेसबॉलपटू आणि क्रीडासाहित्याचे उद्योजक अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या 1887च्या बेसबॉल मार्गदर्शिकेत आदल्या वर्षीच्या लढतीचे निकाल 'वर्ल्ड्स चॅम्पियनशिप' याच मथळ्याखाली दिले आहेत. खेळ जगाला दाखवायला स्पाल्डिंग यांनी दोन संघ बाहेर नेले ते त्यानंतर, 1888-89मध्ये. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्तच्या पिरॅमिडांचा पायथा, रोम, पॅरिस, लंडन असा तो दौरा होता. म्हणजे किताबात जग आधी आले आणि खेळ जगाकडे नंतर निघाला.

म्हणूनच 'जागतिक मालिका' मला पटत नाही. 'जागतिक' हे विशेषण मालिकेला जाऊन चिकटते आणि देशोदेशीचे संघ डोळ्यांसमोर येतात. मूळ रचनेत 'जगाचे' हे जेतेपद आहे, मालिका दोन शहरांतल्या संघांची आहे. 'विश्वमालिका' तर आणखी दूर नेते, कारण 'विश्वचषक' आपल्या कानात इतका मुरला आहे की 'विश्व' म्हटले की राष्ट्रध्वज आठवतात. गळालेले पद परत घाला: 'जगज्जेतेपदाची मालिका'. शब्द लांब आहे, पण अर्थाची गाठ जागच्या जागी बसते.

'मालिका' मात्र अगदी योग्य. क्रिकेटमुळे आपल्याकडे या शब्दाला नेमकी धार आली आहे. तेच दोन संघ पुन्हापुन्हा भिडले की मालिका, अनेक संघ असले की स्पर्धा. इथे 'स्पर्धा' कधीच लिहू नका. सामन्यांची संख्या ठरलेली नव्हती, हेही भाषांतरात सांभाळा. 1884ला तीन सामने, तर 1887ला तब्बल पंधरा! डेट्रॉइट वूल्व्हरिन्स आणि सेंट लुईस ब्राउन्स आगगाडीने दहा शहरे फिरत खेळले. अकराव्या सामन्यात डेट्रॉइटचा आठवा विजय झाला, निकाल लागला, तरी उरलेले चार सामने खेळले गेलेच. शेवटी 10-5. इथे मालिका म्हणजे चुरस उरत नाही, गावोगावचा दौरा होतो. आपल्याकडे 'मालिका' दूरचित्रवाणीवर लांबते तेव्हा जी भावना होते, ती त्या उरलेल्या चार सामन्यांना आलेल्या प्रेक्षकांचीही झाली असेल.

ताईंनी 'अजिंक्यपद' विचारले नाही, पण मजकुरात ते येणारच, म्हणून सांगतो. 'अजिंक्य' म्हणजे ज्याला जिंकता येत नाही तो. पाच सामने हरलेल्या डेट्रॉइटला अजिंक्य म्हणताना माझी लेखणी अडखळते. 1885चे प्रकरण तर याहून अवघड. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज आणि सेंट लुईस ब्राउन्स यांच्या त्या मालिकेत दुसऱ्या सामन्यात पंचांचे निर्णय न पटल्याने ब्राउन्सचे कर्णधार चार्ल्स कोमिस्की आपला संघ मैदानाबाहेर घेऊन गेले. सामना शिकागोला बहाल झाला. तो धरायचा की नाही यावर वाद पेटला, आणि धरला तर हिशेब 3-3 व एक अनिर्णित असा अडकतो. 1890ला ब्रुकलिन आणि लुईव्हिल यांचेही 3-3 झाले, एक सामना बरोबरीत सुटला, हवा बिघडली आणि मालिका तशीच थांबली. अशा ठिकाणी 'अजिंक्य' दोघांनाही लागू पडत नाही. 'जेतेपद अनिर्णित राहिले' म्हणता येते, 'अजिंक्यपद अनिर्णित राहिले' कानाला खटकते. 'चॅम्पियनशिप'साठी माझा कौल 'जेतेपदा'लाच.

मध्यमपदलोपाचे आणखी एक उदाहरण याच काळातले आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1886ला शिकागो आणि सेंट लुईस हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी तिकिटांचे सगळे उत्पन्न विजेत्याने घ्यायचे ठरले होते. सेंट लुईसने मालिका 4-2 अशी जिंकली. शेवटच्या सामन्यात दहाव्या डावात कर्ट वेल्च यांनी विजयाची धाव काढली, आणि तिला '15,000 डॉलरची घसर' असे नाव पडले. इथेही विग्रह करताना 'मिळवून देणारी' हे पद घालावे लागते. नाही तर घसरण डॉलरच्या भावाची वाटेल, आणि अर्थविषयक बातम्या वाचणाऱ्या मराठी वाचकाला ती तशीच वाटणार. म्हणून तिथे 'घसरण' लिहू नका, 'घसर' किंवा 'घसरत घेतलेली धाव' लिहा.

'पेनंट' हा शब्दही भेटेल. लीगच्या विजेत्याला खरोखरचे निशाण मिळत असे, आणि म्हणून लीग जिंकणे म्हणजे पेनंट जिंकणे. आपण 'रणजी करंडक जिंकला' म्हणतो तेव्हा वस्तूचे नाव स्पर्धेला देतो, तीच ही रीत. 'पताका' म्हटले की मला वारकऱ्याच्या खांद्यावरची भगवी पताका दिसते. त्यापेक्षा 'लीगचे निशाण' बरे. 'निशाण'मध्ये झेंडाही आहे आणि खूणही.

राहता राहिली 1903नंतरची 'वर्ल्ड सिरीज'. अमेरिकन असोसिएशन 1891नंतर संपली. 1901पासून अमेरिकन लीग ही नवी प्रतिस्पर्धी आली, आणि 1903च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनने पिट्सबर्गला 5-3 असे हरवले. 1904ला न्यूयॉर्क जायंट्सने खेळायला नकार दिला, 1905पासून मालिकेला ठरीव नियम आले. इथून पुढे ते विशेषनाम झाले. विशेषनामाचे भाषांतर करू नये, 'वर्ल्ड सिरीज' तसेच लिहावे. जुने षष्ठीचे रूप मात्र लगेच गेले नाही, 'द स्पोर्टिंग न्यूज'सारख्या खेळाच्या पत्राने ते 1960च्या दशकापर्यंत जपले. 1884 ते 1890च्या लढतींना मी 'जगज्जेतेपदाची मालिका' म्हणेन आणि पहिल्या उल्लेखात शेजारी 'वर्ल्ड्स सिरीज' हे रूप षष्ठीसकट ठेवीन.

जाता जाता, याच मजकुरात 1894 ते 1897च्या 'टेंपल कप' या बेसबॉल लढतीचा उल्लेख आला तर तो 'टेंपल चषक'च राहू द्या. पिट्सबर्गच्या विल्यम टेंपल यांनी तो दिला होता. इथला 'टेंपल' म्हणजे आडनाव, देऊळ नव्हे.