चौथीच्या मुलांबरोबर आकाशात फुगा सोडायचाय ना, मग हे वाचा

ताई, कॅमेऱ्याचा डबा बांधलेला हवामानाचा मोठा फुगा उंच सोडायचा, तर सगळ्यात आधी परवानगी. इंदूरला एअरपोर्ट शहराला लागूनच आहे, त्यामुळे एअर ट्रॅफिक कंट्रोलला विचारल्याशिवाय काहीच करू नका, आणि हे काम दोन-तीन महिने आधीच सुरू करा.

गॅस हीलियमच घ्या, हायड्रोजन स्वस्त पडतो पण पेट घेतो, लहान मुलं आजूबाजूला असताना नकोच. फुग्याला उघडे हात लावू देऊ नका, सुती हातमोजे द्या. वर हवेचा दाब कमी होत जातो म्हणून फुगा फुगत फुगत साधारण 30 किलोमीटरवर फुटतो, तिथे दाब जमिनीवरच्या जवळपास शंभराव्या भागाइतका असतो, पण हे फळ्यावर सांगून मुलांना कळत नाही हो, कॅमेऱ्यासमोर एक छोटा अर्धवट फुगवलेला वाढदिवसाचा फुगा बांधा, मग व्हिडिओत तो टम्म होताना बघून पोरं जे प्रश्न विचारतात ना, तेच खरं विज्ञान!

आमचा पहिला कॅमेरा वरच्या थंडीत बंद पडला, साध्या बॅटऱ्या होत्या. थर्माकोलचा डबा आणि लिथियमचे सेल वापरा. उतरलेला डबा शोधायला जीपीएस घेताना नीट विचारा, बरेचसे 18 किलोमीटरच्या वर चालतच नाहीत.

हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात असतो, डबा इंदूरच्या पूर्वेला आष्टा-सीहोरकडे कुठेतरी गव्हाच्या शेतात उतरेल असं धरून चाला, म्हणून त्यावर नाव-नंबर हिंदीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि "घाबरू नका, शाळेचा प्रयोग आहे" हेही हिंदीतच.