जुन्या दगडी मंदिराच्या गाभाऱ्यात ओल आणि बुरशी येत असल्यास वॉटरप्रूफ रंग किंवा टाइल्स लावाव्यात का?

माझ्या मते लावू नयेत. गिरणाकाठच्या आपल्या काळ्या दगडाच्या शिवमंदिरात गाभाऱ्याच्या भिंतींवर हिरवे-काळे डाग पडतात, ऑइल पेंटचे पोपडे सुटतात आणि विश्वस्त आता कमरेइतक्या उंचीच्या टाइल्स बसवून वर वॉटरप्रूफ रंग देण्याच्या विचारात आहेत, असे आपण लिहिले आहे. त्याने डाग काही काळ झाकले जातील. भिंतीतले पाणी मात्र कोंडले जाऊन टाइल्सच्या वर चढेल आणि तिथे लोणा (पाण्यासोबत आलेल्या क्षारांचा पांढरा थर) फुटेल.

खानदेशात पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असल्यामुळे निदान तुलनेने सोपे आहे. भाद्रपदात दिसणारी बुरशी माघ-फाल्गुनापर्यंत आपोआप वाळत असेल, तर दोष बहुधा शिखराच्या सांध्यांचा किंवा पावसाळी दमट हवेचा आहे. पण होळीनंतरही भिंत हाताला ओलसर लागत असेल, तर ते पाणी बहुधा आकाशातले नसून माणसाने आणलेले आहे. अशा वेळी मी सर्वप्रथम अभिषेकाच्या पाण्याचा माग काढतो. गाभाऱ्यातले हे पाणी बाहेर नेणारी पन्हळ तुंबलेली असते, किंवा आवारात थरावर थर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातल्याने जोते जमिनीत गाडले जाऊन बाहेर पडलेले पाणी पुन्हा पायाकडे वळते. त्यातच पंचामृतातील दूध-साखरेवर बुरशी चांगलीच पोसते. खात्री करण्यासाठी प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस थेंब जमल्यास ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूस जमल्यास हवेतली समजावी.

त्यामुळे खर्च करायचाच तर आधी आवाराची पातळी जोत्याखाली उतरवून उतार बाहेरच्या दिशेने काढण्यावर आणि पन्हळीचे पाणी लांब नेण्यावर करावा. शिखरावर पिंपळ उगवला असेल तर तो उपटू नये, मुळांसोबत दगड हलतात. खोड कापून मुळे जाणत्या माणसाकडून मारून घ्यावीत. बुरशी मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून काढावी. तारेचा ब्रश, ॲसिड, सँडब्लास्टिंग यांना कोरीव कामाजवळही फिरकू देऊ नये.

लेप देऊन जपण्याचा मोह नवा नाही. आपल्या शेजारच्या अजिंठ्यात १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर दिलेला शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) थर पुढे पिवळा पडला आणि तो उतरवण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना कष्ट घ्यावे लागले.

मंदिर धुळे जिल्ह्यातील बळसाण्याच्या मंदिरांप्रमाणे संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय यातले काहीही करता येणार नाही, हे विश्वस्तांना आधीच सांगावे. नसेल, तर पाण्याची वाट बदलल्यावर दिवाळीनंतर आतला ऑइल पेंट आणि सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून भिंत संपूर्ण उन्हाळाभर उघडी राहू द्यावी. मूळचा गिलावा चुन्याचा असेल, तर नवा गिलावाही चुन्याचाच, पण पुढच्या हिवाळ्यात करावा. चुना सावकाश, ओलसर ठेवूनच पक्का होतो आणि वैशाखातल्या झळांमध्ये तो हमखास तडकतो.