पीआरआयवर टक्-टक्? आधी क्लॉक बघ

पीआरआयवर (टेलिकॉम कंपनीकडून ऑफिसला येणारी, एका वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) बोलताना मध्येच 'टक्' होतं आणि फॅक्स अर्ध्या पानावर तुटतो, एवढं कळलं की मी केबलला हातही लावत नाही. पीआरआय ज्या ई-वन लाइनवर येते, ती २.०४८ एमबीपीएसने चालते. दोन टोकांची क्लॉक, म्हणजे डेटाचा ठेका ठरवणारी घड्याळं, किंचित जरी वेगवेगळी पळाली, तरी बफर (डेटाचा तात्पुरता साठा) भरतो किंवा रिकामा होतो आणि १२५ मायक्रोसेकंदांची अख्खी फ्रेम (डेटाचा एक तुकडा) गळते किंवा दोनदा येते. हीच स्लिप. कान ते चालवून घेतो, फॅक्स नाही.

अ‍ॅस्टरिस्क (कॉम्प्युटरवर चालणारं फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) असेल तर दाहदीच्या, म्हणजे लाइनचं कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या, कॉन्फिग फाइलमधली स्पॅनची (कार्डावरच्या एका लाइनची) ओळ उघड. पहिला आकडा स्पॅनचा, दुसरा टायमिंगचा. टेलिकॉम कंपनीच्या लाइनला १ टाक, म्हणजे क्लॉक तिथून घेतलं जाईल. मागे जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत फोन एक्स्चेंज) जोडलेला असेल तर त्या स्पॅनला ०. तिथे क्लॉक आपण देतो, आणि ईपीएबीएक्स स्लेव्ह, म्हणजे आपलं क्लॉक पाळणारा हवा. सगळीकडे ० टाकून 'लाइन तर अप आहे' म्हणणारे भेटतीलच. दिवा हिरवाच राहतो, तिथेच तर माणूस फसतो.

मग स्लिप काउंटर शून्य करून दिवसभर चालू दे. आकडा तरीही वाढला, तरच कंपनीकडे तक्रार नोंदव.

फोनच्या स्क्रीनवरची वेळ साडेपाच तास मागे असेल तर ते दुखणं वेगळं: टाइमझोन सेट केलेला नाही.