झाडांची निगा शिकताना आधी कोणते पुस्तक घ्यावे

तुम्ही छाटणीचे पुस्तक मागितले आहे, पण माझा आग्रह आहे की झाड आतून कसे चालते, हे सांगणारे पुस्तक आधी घ्यावे. अमेरिकेतील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे करवतीने चिरून पाहिली आणि १९८६ साली ‘अ न्यू ट्री बायॉलॉजी’ हा ग्रंथ लिहिला. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही, तर कुजणारा भाग झाड आतल्या आत भिंती घालून कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, हे त्यातून नीट उमगते.

दुकानात कोणतेही पुस्तक हाती आले की छाटणीचे प्रकरण उघडावे. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथे सुरकुतलेला, किंचित फुगीर पट्टा असतो आणि काप त्याच्या लगत बाहेरून घ्यायचा असतो. चित्रात फांदी खोडालगत सपाट कापून वर डांबर फासलेले दिसले, तर ते पुस्तक निःशंकपणे परत ठेवावे. मीही सुरुवातीला अशाच एका पुस्तकावर विसंबून एका गुलमोहराची फांदी सपाट कापली होती. पुढे तिथे ढोली पडली, याची खंत अजून वाटते.

परदेशी पुस्तकांतील छाटणीचे महिने मात्र हिमप्रदेशातील झाडांसाठी असतात, म्हणून ते आपल्या वड-पिंपळांना जसेच्या तसे लावू नयेत. सोबत महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याची प्रतही अवश्य ठेवावी.