केबलवरचं सामुदायिक चॅनेल निव्वळ स्वयंसेवकांच्या बळावर चालवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की सामुदायिक चॅनेलसाठी, म्हणजे लोकांनी स्वतःच कार्यक्रम बनवून दाखवायच्या चॅनेलसाठी, केबलवर जागा मिळाली आहे, पगारी माणूस एकच ठेवता येईल, बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. आणि इतके कार्यक्रम करणार कोण, ही तुमची मुख्य काळजी आहे. मी अशा एका चॅनेलवर नऊ वर्षं होतो, आधी कॅमेऱ्यामागे आणि नंतर पाळ्या लावायला. चालवता येतं. पण कार्यक्रमांची काळजी सोडा. कॅमेऱ्यासमोर बोलायला माणसं मिळतात, मिळत नाहीत ती कंट्रोल रूममध्ये बसायला.

हिशेब करून बघा. स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांवर अर्ध्या तासाची चर्चा घ्यायची तर कॅमेऱ्यांवर तिघे, फ्लोअर मॅनेजर, स्विचरवर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जायचं ते बदलायच्या यंत्रावर, एक, आवाजावर एक, नावांच्या पट्ट्या टाकायला एक आणि डायरेक्टर, अशी आठ माणसं लागतात. समोर बोलणारे दोघेच. आमची सुरुवातीची कितीतरी रेकॉर्डिंग यातलं एक माणूस न आल्यामुळे रद्द झाली. पाहुणे येऊन बसलेत, दिवे लागलेत आणि आवाजावर कोणी नाही. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटायचं.

त्यावर आम्ही जुना सावडीचा मार्ग धरला. स्वतःचा कार्यक्रम करायचा असेल त्याने आधी दुसऱ्यांच्या तीन रेकॉर्डिंगला राबायचं, मगच स्टुडिओची तारीख मिळेल. हा नियम कोणासाठीही वाकवू नका. आम्ही एकदा एका वजनदार माणसासाठी वाकवला आणि महिन्याभरात दोन जुने कॅमेरावाले यायचे थांबले. विनामोबदला काम करणाऱ्याला कष्टाचं काही वाटत नाही, पण आपल्याला कमी लेखलं की तो दुखावतो. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा एक परत आला.

शिकवायला दोन संध्याकाळी पुरतात. सुरुवात आवाजापासून करा, कारण चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघत राहतात, आवाज फाटला की लगेच चॅनेल बदलतात. शिकून झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्या माणसाला खऱ्या रेकॉर्डिंगवर घ्या आणि शेवटच्या नामावलीत त्याचं नाव नीट, वाचता येईल इतक्या सावकाश दाखवा. घरच्यांनी पडद्यावर नाव पाहिलं की तो पुढच्या पाळीला हमखास येतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. अमेरिकेत 1971 साली जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात या कामाचं केंद्र काढलं, तेव्हाही लोकांसाठी कार्यक्रम बनवून देण्यापेक्षा लोकांना ते बनवायला शिकवण्यावर त्यांचा भर होता. मला अजूनही तीच वाट खरी वाटते.

काय दाखवायचं हे कोण ठरवणार, ते पहिल्या प्रक्षेपणाआधी लिहून काढा. अमेरिकेत 1984 च्या केबल कायद्याने अशा चॅनेलच्या मजकुरात केबल कंपनीला, अश्लीलतेसारखे अपवाद सोडले तर, हात घालता येत नाही. तुमच्याकडचा कायदा आणि करारातल्या अटी वेगळ्या असतील, त्या आधी वाचा. आमची पद्धत साधी होती: जो आधी येईल त्याला आधी वेळ आणि मजकुराच्या जबाबदारीवर निर्मात्याची सही. जाहिरात नाही, परवानगीशिवाय दुसऱ्याचं संगीत नाही. कोणीतरी तुम्हाला अजिबात न पटणारं काही घेऊन येईलच. तक्रार करणाऱ्याला आम्ही म्हणायचो, तुमचं म्हणणं घेऊन या, तशीच वेळ तुम्हालाही देऊ. काहीजण खरंच आले आणि पुढे नेमाने येत राहिले.

आठवड्याचे 168 तास भरायच्या मागे लागू नका, त्यात माणसं थकतात. पाच तास नवं असलं तरी पुष्कळ झालं. तेच कार्यक्रम सकाळ, दुपार, रात्र ठरल्या वेळी पुन्हा दाखवायचे आणि मधल्या वेळात पडद्यावर लेखी सूचनांचा फलक फिरता ठेवायचा. नगर परिषदेच्या सभा मात्र पूर्ण दाखवा, काटछाट न करता.

पैशाबद्दल एवढंच, की केबलच्या उत्पन्नातल्या वाट्यावर सगळी मदार ठेवू नका. अमेरिकेत स्थानिक प्रशासनाला त्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 5 टक्के घेता येतात आणि कित्येक चॅनेल त्यातल्या हिश्शावर चालतात. लोक केबल सोडतात तशी ती रक्कम आटत जाते.

आणि तो एक पगारी माणूस नेमताना संकलन किती येतं यापेक्षा लोकांशी कसा बोलतो ते बघा. त्याचं रोजचं पहिलं काम, उद्या पाळी असलेल्या प्रत्येकाला आज संध्याकाळी फोन करणं. मेसेज नको, फोनच. कोणाची आई आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे ते फोनवरच कळतं, आणि बदली माणूस शोधायला एक रात्र हाताशी राहते.