उंची कमी असलेल्या मुलीने टेबल टेनिस खेळावे का?

आपली नऊ वर्षांची मुलगी वयाच्या मानाने ठेंगणी आहे, म्हणून तिच्यासाठी दुसरा खेळ निवडावा असे प्रशिक्षकांनी सुचवले आहे. हा सल्ला मानावा का, असे आपण विचारले आहे. मी जिल्हा पातळीपर्यंत खेळलो आहे आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि प्रत्येक वेळी मी पालकांना डेंग यापिंग या चिनी खेळाडूची कारकीर्द सविस्तर सांगतो.

डेंगचा जन्म 1973 साली हनान प्रांतातील चंगचौ या शहरात झाला. वडील स्वतः टेबल टेनिसचे प्रशिक्षक असल्याने पाचव्या वर्षीच तिच्या हातात बॅट आली, परंतु प्रांताच्या संघाने मात्र उंचीचे कारण पुढे करून तिला नाकारले. पूर्ण वाढ झाल्यावरही तिची उंची जेमतेम 150 सेंटीमीटर होती, म्हणजे उंचीविषयीचा त्या निवडकर्त्यांचा अंदाज बरोबर होता. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. ती शहराच्या संघातून खेळत राहिली, तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती ठरली, आणि तरीही राष्ट्रीय संघात घेताना तोच आक्षेप पुन्हा निघाला. प्रशिक्षक झांग शिएलिन यांनी तिची बाजू लावून धरली, म्हणून 1988 मध्ये तिला संघात जागा मिळाली. पुढच्याच वर्षी डॉर्टमुंडच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत तिने चिआओ होंगच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

आता उंचीची नेमकी अडचण काय असते ते पाहू. टेबलाची उंची सर्वांसाठी 76 सेंटीमीटरच असते. आखूड हाताच्या खेळाडूला कडेने निघून जाणारा चेंडू गाठता येत नाही, जाळीजवळचा आखूड चेंडू उचलताना टेबलावर फार वाकावे लागते, आणि टेबलापासून मागे सरकले की दोन्ही बाजूंचे अंतर आणखी वाढते. म्हणून डेंग मागे सरकतच नसे. ती टेबलाला जवळजवळ चिकटून उभी राहायची आणि चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच मारायची, त्यामुळे समोरच्या उंच खेळाडूला लांब हात फिरवायला वेळच उरत नसे. कोपऱ्यातील चेंडू हाताने गाठता येत नाही, तो पायांनी गाठायचा, हे तिने इतके अंगी बाणवले होते की तिचे जुने सामने पाहताना माझी नजर बॅटपेक्षा बुटांवरच अधिक राहते.

याला जोड होती ती बॅकहँडच्या बाजूला लावलेल्या लांब पिंपल्सच्या, म्हणजे पृष्ठभागावर उंच बारीक टोके असलेल्या, रबराची. हे रबर चेंडूला नीट पकडत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याने दिलेली फिरकी बरीचशी त्याच्याकडेच उलटून जाते आणि चेंडू मधेच डगमगल्यासारखा वाटतो. बहुतेक खेळाडू ते मागे उभे राहून बचावासाठी वापरत; डेंगने त्याच रबराने टेबलाजवळून आक्रमण केले.

1991 मध्ये जपानमधील चिबा येथे उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त संघाने सांघिक अंतिम सामन्यात चीनला हरवले, त्यात यू सुन-बोकने डेंगलाही नमवले होते. परंतु त्याच स्पर्धेत ली बुन-हुईला हरवून डेंग एकेरीची विश्वविजेती झाली. पुढे बार्सिलोना 1992 आणि अटलांटा 1996 या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये एकेरी आणि दुहेरी मिळून चार सुवर्णपदके, विश्व अजिंक्यपद स्पर्धांमध्ये नऊ सुवर्णपदके, आणि 1990 ते 1997 अशी आठ वर्षे जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, एवढे तिच्या नावावर जमा झाले. यातील अटलांटाचा अंतिम सामना आपण मुलीला अवश्य दाखवावा. समोर होती चेन जिंग, जिने 1988 मध्ये चीनकडून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले होते आणि जी आता चिनी तैपेईकडून (म्हणजे तैवानकडून) खेळत होती. डेंगने पहिले दोन गेम घेतले, चेनने पुढचे दोन घेऊन बरोबरी साधली, आणि पाचव्या गेममध्ये डेंगने 21-5 असा एकतर्फी विजय मिळवला.

तिचा खेळ कोणालाच उलगडला नाही, असे मात्र नाही. 1993 मध्ये गोथेनबर्गच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत सिंगापूरच्या जिंग जुनहोंगने तिला एकेरीतून लवकरच बाहेर काढले, आणि 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत जपानच्या कोयामा चिरेने अंतिम फेरीत तिचा पराभव केला. कोयामा ही पूर्वी चीनकडूनच खेळलेली असल्याने तिला या शैलीची नवलाई नव्हती. त्यानंतर 1995 आणि 1997 या दोन्ही विश्व स्पर्धांत मात्र डेंगने एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली.

1997 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने खेळ सोडला. त्सिंगुआ विद्यापीठात इंग्रजी शिकायला गेली तेव्हा तिला सगळी मुळाक्षरेही धड लिहिता आली नव्हती. तिथून नॉटिंगहॅमची पदव्युत्तर पदवी आणि 2008 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट इथवर ती पोहोचली. खेळापायी शिक्षण बुडेल अशी भीती घरात कोणाला वाटत असेल, तर एवढे त्यांच्या कानावर घालावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डेंग 38 मिलिमीटरच्या चेंडूने खेळली. 2000 पासून चेंडू 40 मिलिमीटरचा झाला, त्याचा वेग आणि फिरकी दोन्ही कमी झाली, आणि पिंपल्सच्या रबराचा चकवाही थोडा बोथट झाला. त्यामुळे तिची बॅट जशीच्या तशी उचलून मुलीला देऊ नये. निदान दोन वर्षे दोन्ही बाजूंना साधे गुळगुळीत रबर ठेवून फटके पक्के होऊ द्यावेत. प्रशिक्षकांना मात्र उंचीविषयी न विचारता असे विचारावे की, फोरहँडच्या कोपऱ्यात जाऊन चेंडू मारल्यावर पुढच्या चेंडूसाठी ती बॅकहँडच्या कोपऱ्यात वेळेवर परत येते का. ती येत असेल तर, माझ्या मते, खेळ बदलण्याचे काहीही कारण नाही.